केलच्या बाजूचा क्लच

"ही गाडी माझ्या दारात नको," ग्लेनिस पास्को म्हणाली. "हिच्यात भूत आहे."

तिचा मुलगा डॅरिल नुकताच त्या पांढऱ्या गाडीतून उतरला होता. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. खालच्या गावातून, डॉसन्स फोर्डहून, घाटाच्या बाविसाव्या, शेवटच्या वळणापर्यंत आईला काय आनंद होईल याचा विचार करत तो घाट चढून आला होता, आणि हे स्वागत.

"अगं आई, भूत कसलं? ऑटोमॅटिक आहे ती."

"तेच म्हणतेय मी. ब्रेकवरचा पाय काढला की न सांगता सरकायला लागते. चढ आला की आपोआप गिअर बदलते. कोण बदलतं? मी नाही, तू नाही. मग कोण?"

"गिअरबॉक्स बदलतो, आई."

"आणि म्हणे मी म्हातारी झाले!"

आता ग्लेनिसचं वय सदुसष्ट, आणि डावा गुडघा पार गेलेला. पन्नास वर्षं क्लच दाबून दाबून वाटी झिजली, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला नंबर लागायला वर्ष जाईल, तोवर क्लचला पाय लावायचा नाही. आमच्या बॅटरी क्रीकात बस नाही, टॅक्सी नाही. दुकान एक, तेही दुपारी दोनला झोपतं. गाडी नाही तर माणूस नाही, असा हिशोब. म्हणून डॅरिलने पदरमोड करून ही ऑटोमॅटिक आणली होती. बिचाऱ्याचं चुकलं काहीच नव्हतं.

त्याने आईला एक फेरीही मारायला लावली. पोस्टाच्या कोपऱ्यावर वळण आलं, ग्लेनिसचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला, क्लच नव्हताच, सापडला तो हा एवढा रुंद ब्रेक. तिने तो दाबला तो क्लचच्या जोराने, पार तळापर्यंत. डॅरिलचं कपाळ समोरच्या फळीवर आपटलं आणि मांडीवरचा बिस्किटांचा डबा काचेवर. गिअरच्या गाडीवर जन्म काढलेल्या आमच्याकडच्या प्रत्येकाने ही चूक एकदा केलेली आहे, पण ती कुणी कबूल करत नाही.

"डावा पाय सीटखाली दुमडून ठेव," डॅरिल कपाळ चोळत म्हणाला. "त्याला आता काम नाही. आणि शनिवारी मी जुनी गाडी घेऊन जातो. गिऱ्हाईक बघितलंय."

ग्लेनिस सांडलेली बिस्किटं वेचून डब्यात भरायला लागली. एरवी तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती, म्हणून डॅरिलला वाटलं, पटलं हिला. त्याला कुठे ठाऊक होतं की ती मनात शनिवारपर्यंतचे दिवस मोजत होती.

जुनी गाडी केलची. केल्व्हिन पास्को, ग्लेनिसचा नवरा, चाळीस वर्षं बॅटरी क्रीकचा एकुलता एक ड्रायव्हिंग मास्तर. गावातल्या निम्म्या लोकांना स्टिअरिंग धरायला त्याने शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना त्याने शिकवलेल्यांनी. गाडी छोटी, लाल, उन्हाने विटून विटकरी झालेली. मास्तरांच्या गाडीत असते तशी डाव्या बाजूलाही पेडलं होती, एक ब्रेक आणि एक क्लच. केलने आपल्या बाजूचा क्लच दाबला की उजवीकडे शिकणाऱ्याच्या पायाखालचा क्लचही आपोआप खाली जायचा. "गिअर आला म्हणजे गाडी आली," केल म्हणायचा. "ऑटोमॅटिक म्हणजे नुसती खुर्ची."

चौदा महिन्यांपूर्वी तो याच गाडीत, डावीकडच्या सीटवर, घाट उतरताना गेला. शिकवणी चालू होती. हृदय बंद पडलं. सात मैलांच्या वळणापाशी, म्हणजे खालच्या गावापासून सात मैलांवर.

आणि त्यानंतर महिन्याभराने ग्लेनिस पहिल्यांदा ती गाडी घेऊन एकटी खाली निघाली, तेव्हा सात मैलांच्या वळणावर तिच्या पायाखालचा क्लच खाली गेला.

तिने दाबला नव्हता. तिचा पाय नुसता वर टेकलेला होता. पेडल बुटाखालून निसटलं, सावकाश तळाला गेलं, दोन श्वास तिथे थांबलं आणि परत वर आलं. तिने डावीकडे पाहिलं. सीट रिकामी होती. पट्टा लोंबत होता.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तिला रडू आलं, आणि रडता रडता ती म्हणाली, "मेल्या, इथे आहेस होय!"

तेव्हापासून दर गुरुवारी घाट उतरायचा तो सात मैलांच्या वळणासाठी. औषधं, किराणा, वाचनालय ही सगळी निमित्तं. थर्मासमध्ये ती दोघांचा चहा घ्यायची, पेले दोन. वळण येईपर्यंत आठवड्याच्या बातम्या सांगायची: डॅरिलची बायको नाकाने कांदे सोलते, चर्चच्या छपराला पुन्हा गळती लागली, शेजारच्या मेंढ्या पुन्हा कोबीत घुसल्या. वळणावर पेडल खाली जायचं. "हं, ऐकलं ना," ती म्हणायची. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॅरिलने गुडघ्याच्या डॉक्टरऐवजी डोक्याचा बघितला असता.

एक गोष्ट मात्र तिला खटकायची. उतारावर क्लच दाबायचा नाही, हा केलचा पहिला धडा. क्लच दाबला की इंजिनाची ओढ सुटते, गाडी मोकळी धावते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चाळीस वर्षं हे घसा फोडून सांगणारा माणूस नेमका उतारावर क्लच कशाला दाबेल? पण आपण आहोत हे कळवायला दुसरा काही उपाय त्याच्याकडे नसेल, असं म्हणून तिने तो विचार बाजूला सारला. माणूस मेल्यावर त्याच्या चुका काय काढायच्या?

त्या पांढऱ्या गाडीत क्लचच नाही. म्हणजे केलला पाय ठेवायला जागा नाही. शनिवारी लाल गाडी गेली की केल गेला, आणि या वेळी कायमचा. एवढंच होतं, पण ग्लेनिसच्या दृष्टीने तेच सगळं होतं.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. दारात मारिसेल.

आता ही मारिसेल म्हणजे वृद्धाश्रमातली नर्स. फिलिपिन्सहून आलेली, चौतीस-पस्तिशीची, अंगाने चिमणीएवढी. आणि केलची शेवटची विद्यार्थिनी. तो गेला तेव्हा स्टिअरिंगवर हीच होती. त्या दिवसानंतर ग्लेनिस तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. दुकानात समोर आली की ग्लेनिस आपली ढकलगाडी दुसऱ्या रांगेत वळवायची. मारिसेलचा दोष नव्हता, हे ग्लेनिसला कळत होतं. पण चाळीस वर्षं ज्याचा संसार केला त्याचा शेवटचा श्वास या परक्या बाईने पाहावा आणि आपण तेव्हा घरात पडदे धूत असावं, हे तिला सहन होत नव्हतं.

"मिसेस पास्को, माफ करा," मारिसेल म्हणाली. "तुम्ही दर गुरुवारी खाली जाता ना? आज अकराला माझी लायसन्सची परीक्षा आहे. जिच्या गाडीतून जाणार होते ती आजारी पडली. आश्रमवाले म्हणतात, या महिन्यात लायसन्स आलं नाही तर दुसरी नर्स बघू."

"परीक्षा कुठल्या गाडीवर?"

"ऑटोमॅटिक. तिथल्या मास्तरांची." मारिसेलने मान खाली घातली. "लायसन्सवर शिक्का बसतो, फक्त ऑटोमॅटिक म्हणून. पण गिअरच्या गाडीत मी पुन्हा बसूच शकले नाही."

ग्लेनिस नाही म्हणणार होती. जिभेवर आलं होतं. पण मनात एक पाप आलं, आणि ते पापच होतं, तिनेच नंतर तसं कबूल केलं. हिला बसवू केलच्या सीटवर. सात मैलांच्या वळणावर पेडल खाली जाईल तेव्हा बघू दे डोळ्यांनी. तुझ्याजवळ मेला असेल, पण येतो माझ्याकडे. हे एका तरी माणसाला कळायला हवं होतं, आणि हिच्याशिवाय दुसरं कोण?

"बस चल," ती म्हणाली.

लाल गाडी बघून मारिसेलचा चेहरा उतरला. "या गाडीतून?"

"मग काय पालखी आणू? ती पांढरी शनिवारपासून."

मारिसेल बसली, पण पाय तिने वर सीटवर ओढून घेतले आणि मांडी घातली. पेडलांकडे बघायलाही ती तयार नव्हती.

डोंगरावर धुकं बसलं होतं. रस्त्याकडेची उंच निलगिरीची झाडं बुंध्यापुरतीच दिसत होती, वर सगळं पांढरं. बोलायला काही नव्हतं म्हणून ग्लेनिसने गुडघ्याची तक्रार काढली, मारिसेलने नर्ससारखी दोन औषधं सांगितली. घाटाच्या तोंडाशी पाटी आहे: पुढे तीव्र उतार, खालचा गिअर वापरा. ग्लेनिसने दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी इंजिनाच्या ओढीवर घोगरा आवाज करत उतरायला लागली.

पाटी मागे गेली आणि क्लच खाली गेला.

ग्लेनिस चपापली. इथे नाही. इथे कधीच नाही. सात मैलांचं वळण अजून बरंच खाली होतं. ती दोन श्वास थांबली. पेडल वर आलं नाही. इंजिनाचा घोगरा आवाज बंद झाला, नुसती टायरांची सळसळ उरली, आणि गाडीने वेग धरला.

"पाय काढ!" ती ओरडली.

"मी कुठे—"

"क्लचवरचा पाय काढ, मूर्ख!"

"माझे पाय वर आहेत, मिसेस पास्को!"

ग्लेनिसने क्षणभर मान वळवली. मारिसेल मांडी घालूनच बसली होती, दोन्ही हातांनी घोटे धरून. तिच्या खाली, काळोख्या जागेत, डावीकडचा क्लच जमिनीला टेकला होता. त्याच्यावरचं रबर मधोमध दबलेलं होतं, बुटाखाली दबावं तसं. वर काहीही नव्हतं.

मारिसेलनेही पाहिलं. ती किंचाळली नाही. तिने छातीवर क्रूस काढला आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

"घाबरू नकोस," ग्लेनिस म्हणाली. "केल आहे. नेहमी येतो तो. सोडेल आता." मग डावीकडे तोंड करून, "केल, पुरे. सोड आता. अरे, घाट आहे हा!"

पेडल हललं नाही.

पहिलं वळण तिने ब्रेकवर काढलं, दुसरंही. तिसऱ्याला जळका वास आला. ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ व्हायला लागलं, दर वेळी थोडं अधिक खोल जायचं आणि थोडं कमी धरायचं. तिने बुटाचं टोक क्लचखाली घालून तो वर उचलायचा प्रयत्न केला. गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पेडल तसूभरही उठलं नाही. अडकलेलं यंत्र असं लागत नाही. ते माणसाच्या पायासारखं लागत होतं. तिने जोर केला की त्यानेही जोर केला.

आणि तेव्हा पहिल्यांदा, चौदा महिन्यांत पहिल्यांदा, ग्लेनिसला केलची भीती वाटली.

"मिसेस पास्को, समोर!"

धुक्यातून दोन लाल दिवे वर आले. ओंडक्यांनी भरलेला ट्रक, चालण्याच्या वेगाने उतरत होता. ओंडक्यांची कापलेली तोंडं गाडीच्या काचेच्याच उंचीवर होती. ग्लेनिसने हातब्रेक ओढला. मागून करकर आवाज आला, वेग थोडा तुटला, आणि पुन्हा वाढला. उजवीकडे दरी, डावीकडे कापलेला खडक.

"मारिसेल, तुझ्या बाजूचा ब्रेक दाब!"

मारिसेलने पाय खाली घातला, त्या दबलेल्या पेडलाशेजारी, आणि ब्रेक दाबला. तोही तितकाच मऊ. पण पाय खाली गेल्यावर ती एकदम ताठ झाली.

"ते माझी वाट बघतायत," ती म्हणाली.

"कोण?"

"मिस्टर पास्को. मी म्हटलंच नाही." ती भराभरा, अडखळत बोलायला लागली. "त्यांचा नियम होता. माझं काही चुकलं की ते क्लच दाबायचे आणि मोठ्याने म्हणायचे, गाडी माझ्याकडे. मग मी सावरले की मी म्हणायचं, गाडी माझ्याकडे. तसं म्हटल्याशिवाय ते पाय काढायचे नाहीत. कितीही वेळ लागो. त्या दिवशी पाटीपाशी मी गिअर चुकवला. ते म्हणाले, गाडी माझ्याकडे. आणि मग त्यांना... त्यांचं तोंड असं झालं... माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही."

ग्लेनिसला हा नियम ठाऊक होता. कोणाला नव्हता? गावातल्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी ते म्हटलं होतं.

"गाडी माझ्याकडे!" ती ओरडली. "केल! ऐकतोस ना? गाडी माझ्याकडे!"

काही नाही. ओंडके आता इतके जवळ होते की सालीतून झिरपलेला डिंक दिसत होता.

"केल, मी आहे! मी, ग्लेनिस! गाडी माझ्याकडे, सोड!"

नाही म्हणजे नाही.

मारिसेलने डोळे मिटले. हात समोर धरले, स्टिअरिंग धरावं तसे, रिकाम्या हवेत. आणि अगदी हळू, वर्गात उत्तर द्यावं तसं ती म्हणाली, "गाडी माझ्याकडे, मिस्टर पास्को. मी बघते आता. तुम्ही सोडा."

पेडल उठलं.

झटकन नाही. सावकाश वर आलं, इंजिन जिथे पकड घेतं तिथे क्षणभर थांबलं, केल शिकवायचा अगदी तसं, आणि मग अलगद पूर्ण सुटलं. इंजिन किंचाळलं, गाडीला मागून कुणी धरल्यासारखा हिसका बसला, आणि वेग तुटला. ट्रकचे दिवे पुढे सरकले, धुक्यात विरले. ट्रकवाल्याला मागे काय घडलं याचा पत्ताही नव्हता.

सात मैलांच्या वळणावर खडी पसरलेली रुंद जागा आहे. ग्लेनिसने गाडी तिथे घातली. चाकांतून धूर येत होता. मारिसेल हमसून हमसून रडत होती, पण ते रडणं सुटकेचं होतं, खांद्यावरचं ओझं उतरल्यावर माणूस रडतं तसं.

ग्लेनिस रडत नव्हती. ती मनाशी ताळा जुळवत होती आणि तो जुळत होता, हेच वाईट. दर गुरुवारी पेडल खाली जायचं ते तिच्या बातम्या ऐकून नव्हे. केल तिला भेटायला येतच नव्हता. तो त्या दिवशीच्या शिकवणीतच होता अजून, मारिसेलची गाडी धरून, मारिसेलच्या एका वाक्याची वाट बघत. ग्लेनिस शेजारी बसून तेरा महिने चहा पाजत होती, डॅरिलच्या बायकोची गाऱ्हाणी सांगत होती, आणि त्याला ती दिसतही नव्हती.

"काय म्हणाला शेवटी?" तिने विचारलं.

"काय?"

"शेवटी काय म्हणाला? मी कधी विचारलं नाही तुला. आज विचारते."

मारिसेलने नाक पुसलं. "घाबरू नकोस म्हणाले."

"मग?"

"मग काही नाही. मी ब्रेक लावत लावत गाडी इथवर आणली. इथेच थांबवली. फोनला रेंज नव्हती. चाळीस मिनिटांनी एक ट्रक आला. तोवर मी त्यांचा हात धरून बसले होते." ती थांबली. "त्यांचा पाय क्लचवरच होता, मिसेस पास्को. अँब्युलन्सवाल्यांना दोघांना मिळून उचलावा लागला."

"माझं नाव घेतलं?"

मारिसेलला खोटं बोलणं किती सोपं होतं, आणि दुसरी कुणी असती तर बोललीही असती.

"नाही," ती म्हणाली.

"एकदाही नाही?"

"वेळच नव्हता हो."

"चाळीस वर्षं!" ग्लेनिसने स्टिअरिंगवर हात आपटला. "चाळीस वर्षं त्या माणसाचे मोजे धुतले मी. तीन अक्षरांना काय वेळ लागतो? तुला घाबरू नकोस म्हणाला. मी नसेन का घाबरले? चौदा महिने त्या घरात एकटी मी घाबरले नसेन?"

मारिसेलने नुसता हात पुढे केला आणि ग्लेनिसच्या मनगटावर ठेवला. ग्लेनिसला तो झटकून टाकायचा होता. टाकला नाही, कारण केलने शेवटचा धरलेला हात तोच होता.

ब्रेक थंड व्हायला अर्धा तास लागणार होता. तिने थर्मास काढला, दोन पेले भरले, आणि केलचा पेला मारिसेलला दिला. मनात नव्हतं, पण दिला.

"साखर फार आहे," मारिसेल म्हणाली.

"तो तसाच प्यायचा."

उरलेला घाट त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, पायी जाणाऱ्याच्या वेगाने उतरला. क्लच जिथल्या तिथे होता. अकराला दहा कमी असताना ग्लेनिसने मारिसेलला लायसन्सच्या ऑफिसपाशी उतरवलं. ऑटोमॅटिक गाडी तिथे तयार उभी होती. मारिसेल दोन पावलं गेली, परत आली आणि खिडकीत वाकली.

"मी पास झाले तर," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात गिअरची शिकायला लागेन. कुणी शिकवलं तर."

"आधी पास तर हो. बाजारात तुरी आणि..." ग्लेनिसने वाक्य अर्धंच सोडलं. "जा, उशीर होतोय."

ती गेल्यावर ग्लेनिस गाडी लावायला जागा शोधत मुख्य रस्त्याच्या तिठ्याकडे आली. तिथे थांबण्याची पाटी आहे, पांढरी रेघ आहे, कोपऱ्यावर बेकरी. शहाण्यासारखं ब्रेक लावावा, क्लच दाबावा, दोन्हीकडे बघावं. तिने ब्रेक लावला. गाडी मंद होत रेघेपर्यंत आली. डावा पाय तिने क्लचवर ठेवलाच नाही. डॅरिलने सांगितलं होतं तसा सीटखाली दुमडून घेतला.

केलच्या शिकवणीत कुणाचीही गाडी कधी बंद पडली नव्हती. थांबताना पोरं-पोरी क्लच दाबायला विसरायची, तो आपल्या बाजूचा दाबायचा. बंद पडू दिली तर पोराचा धीर खचतो, म्हणायचा.

"केल," ती म्हणाली. "शिकवणी संपली ना तुझी? आता मी आहे. बघ, मी विसरले."

गाडी थरथरायला लागली. आरसा हलायला लागला, डाव्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल खिडकीवर टकटक करायला लागलं. ग्लेनिस डावीकडच्या पेडलाकडे बघत राहिली. रबर सपाट होतं, धूळ बसलेलं.

"दाब ना," ती म्हणाली. "एकदा. माझ्यासाठी."

गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली.

मागे मेंढपाळांची असते तशी उघड्या हौद्याची गाडी उभी होती. तिच्यातल्या तरुणाने हॉर्न वाजवला, मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय आजी? गिअरची झेपत नाही का आता? ऑटोमॅटिक घ्या की!"

ग्लेनिसने हात वर करून त्याला थांब म्हटलं. मग दोन्ही हातांनी आपला डावा गुडघा धरला, पाय सीटखालून ओढून काढला, उचलून क्लचवर ठेवला, आणि दुखत होतं तरी तळापर्यंत दाबला.